प्रतिसाद: "खरं असेल तर बदनामी होत नाही" हे अर्धसत्य

ज्या मजकुराला हा प्रतिसाद आहे, त्यात म्हटलंय, की बातमी खरी असली तर बदनामीचा दावा टिकत नाही. दिवाणी दाव्यात हे बरोबर आहे, फौजदारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्या अपवादात दोन अटी आहेत: मजकूर खरा हवा आणि तो छापणं लोकहिताचंही हवं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद (तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९९) वैध ठरवली. मला ती आजही जाचक वाटते. बदनामीसाठी तुरुंग नकोच.

लिहिणाऱ्यांची चूक बहुधा एकाच जागी होते. "म्हणे", "अशी चर्चा आहे" किंवा मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलं की आपण सुटलो, असं वाटतं. उपरोधाने केलेलं विधानही या कलमात येतं, आणि दुसऱ्याचा आरोप आपण पुन्हा छापला तर जबाबदारी आपलीही. म्हणून आरोप असलेल्याला नेमके प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला पुरेसा वेळ द्या, आणि त्याचं उत्तर बातमीत वरच घ्या, शेवटच्या ओळीत नको. कागदपत्रं जपून ठेवा.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख मात्र, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, न्याय संहितेच्याच कलम ७२ नुसार छापायचीच नाही. तिथे नाव गाळून गाव, शाळा, नातेवाईक दिले तरी ओळख उघड होतेच.