मदत हवी आहे: फळमाशीच्या मूलपेशी चेतापेशींमुळे थंडावल्या की उपासामुळे?

नमस्कार मंडळी. इथे ड्रॉसोफिलावर, म्हणजे फळमाशीवर, काम केलेले बरेच जण दिसतात, म्हणून विचारते.

फळमाशीच्या मधल्या आतड्यात मूलपेशी असतात हे २००६ साली दोन गटांनी दाखवलं. त्यांच्यावर चेतापेशींचा वचक कसा चालतो, हा माझ्या एमएस्सी प्रोजेक्टचा विषय. २०२३ मध्ये हार्वर्डच्या पेरिमॉन यांच्या लॅबने दाखवलं, की आतड्याला इजा झाल्यानंतर अ‍ॅसिटिलकोलीन सोडणाऱ्या चेतापेशी एन्टेरोसाइटना, म्हणजे अन्न शोषणाऱ्या पेशींना, संदेश देतात. त्या पेशींत कॅल्शियम वाढतं, ते शेजारच्या पेशींत पसरतं आणि भराभर विभागणाऱ्या मूलपेशी पुन्हा शांत होतात. निरोप थेट मूलपेशीला नाही, शेजारणीकडे! हे वाचल्यापासून दुसरा विषय सुचलाच नाही.

प्रयोग असा: माद्यांना साखरेच्या पाण्यातून डीएसएस, म्हणजे आतड्याला इजा करणारं रसायन, द्यायचं, मग साध्या फूडवर आणून व्हायल २९ अंशांवर ठेवायच्या. चॅट-गॅल४ या ड्रायव्हरने (तो अ‍ॅसिटिलकोलीनच्या चेतापेशींत हवं ते जनुक चालू करतो) चेतापेशींत घातलेलं ट्रिपए१ चॅनल या तापमानाला उघडतं आणि त्या फायर होतात. कंट्रोलही २९लाच. मग आतडी काढून पीएच३चा, म्हणजे विभागत असलेल्या पेशी दाखवणारा, स्टेन.

कंट्रोलमध्ये हिरव्या एस्कार्गो पेशींमधून (एस्कार्गो ही मूलपेशींची खूण) पीएच३चे लाल ठिपके भरपूर दिसतात, प्रयोगातल्या आतड्यांत अगदी तुरळक. हवं तेच आलं, पण मला त्यावर विश्वास ठेवता येत नाहीये. चॅट-गॅल४ मेंदूतही चालतो. २९ अंशांवर या माश्या व्हायलच्या तळाशी पडून असतात, फूडकडे फारशा फिरकत नाहीत. आणि उपाशी माशीच्या मूलपेशी तशाही कमी विभागतात.

फूडमध्ये निळा रंग घालून पोटात किती गेलं ते मोजता येईल, पण विभाजन घटण्यात उपासाचा वाटा किती, हे त्यातून कसं काढायचं? कंट्रोललाही तेवढंच कमी खायला घातलं तर चालेल का?

गाईड मॅडम म्हणतात, उलट्या बाजूने जा: माय१ए-गॅल४ या एन्टेरोसाइटच्या ड्रायव्हरने एन्टेरोसाइटमधलाच अ‍ॅसिटिलकोलीनचा रिसेप्टर कमी कर, म्हणजे मेंदूला हातच लागणार नाही. ते पटतं. पण चेतापेशी चालू ठेवून रिसेप्टर काढायचा, तर चेतापेशींसाठी लेक्सए, म्हणजे गॅल४पासून स्वतंत्र चालणारी दुसरी ड्रायव्हर-पद्धत, लागणार. चॅट-लेक्सए आणि लेक्सएऑप-ट्रिपए१ हे स्टॉक पुण्या-मुंबईत कुणाकडे आहेत का? आणि फक्त आतड्याच्या नसांपुरता चालणारा ड्रायव्हर कुणी वापरलाय का? असेल तर तोच आधी घेईन.