रोजच्या वापराचा छोटा रोल कॅमेरा: तुमचे अनुभव लिहा

जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना काय तपासता आणि वापरताना काय अडतं, ते मॉडेलच्या नावासकट लिहा. नुसतं "मस्त आहे" वाचून नवख्याला काही कळत नाही.

*

ऑलिंपस ट्रिप ३५ (१९६७ सालचं मॉडेल). याला सेल लागत नाही, लेन्सभोवतीचं सेलेनियमच (उजेडावर वीज तयार करणारा पदार्थ) उजेड मोजणारं मीटर चालवतं. घेण्याआधी लेन्सवरची रिंग 'ए'वर (ऑटोवर) ठेवा, लेन्स तळहाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येऊन शटर अडलं पाहिजे. नंतर उजेडात दाबा, आता शटर पडलं पाहिजे. भर उन्हातही लाल पट्टीच येत असेल तर बहुधा सेलेनियम संपलंय. असा नग घेऊ नका.

*

मीटर ठीक असूनही रोल वाया जातात ते मागच्या झाकणाच्या फोममुळे. जुना फोम डांबरासारखा चिकट होतो, फटीतून उजेड शिरतो आणि फोटोवर केशरी पट्टे येतात. लाकडी टूथपिकने खरवडा, मग कापसाच्या काडीवर थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खाच पुसा. हे करताना कॅमेऱ्याची उघडी बाजू खाली धरा, म्हणजे चुरा शटरच्या पात्यांवर पडत नाही. नवा फोम जाड झाला तर झाकण लागत नाही. अरुंद खाचेत काळी लोकरही चालते.

*

रोल भरल्यावर रिवाइंडचा (फिल्म परत गुंडाळायचा) नॉब हलकेच फिरवून फिल्मची ढिलाई काढा. पुढे फिल्म सरकवताना प्रत्येक वेळी तो नॉब आपोआप फिरतोय ना, ते बघा. फिरत नसेल तर फिल्म जागची हललेली नाही आणि आख्खा रोल कोरा निघणार.

*

ऑलिंपस म्यू टू वापरणाऱ्यांसाठी: सरकतं झाकण बंद केलं की फ्लॅश परत ऑटोवर जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी उघडल्यावर तो बंद करावा लागतो. फोकस मध्यावर धरतो. दोन माणसं शेजारी उभी असली की मधल्या फटीतून मागची भिंत स्पष्ट येते आणि चेहरे पुसट. एका चेहऱ्यावर धरून बटण अर्धं दाबा, तसंच ठेवून फ्रेम जुळवा, मग पूर्ण दाबा.

*

रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. उजेड कमी पडला की सावल्या करड्या आणि दाणेदार होतात. आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) हाताने लावता येत असेल तर ४०० च्या रोलला २०० लावा. विमानतळावर सामान तपासायला सीटी स्कॅनर असेल तर न धुतलेला रोल त्यातून जाऊ न देता हाताने तपासायला सांगा, धुऊन झालेल्या निगेटिव्हना मात्र धोका नाही.