पहाटेचा सिग्नल बाइकला हिरवा होतच नाही, काय करायचं?

सिग्नलग्रस्त: मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात राहतो, पहाटे साडेपाचला बाइकवरून कामाला निघतो आणि डावीकडे वळायच्या लेनमध्ये रोज अडकतो. मागे एखादी कार आली तरच बाण हिरवा होतो, नाहीतर समोरच्यांना दोन-दोनदा हिरवा मिळून जातो आणि मी आपला तिथेच. काल वैतागून लाल असतानाच गेलो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पण दिवसभर डोक्यात तेच की दंडाचं तिकीट आलं तर? एकजण म्हणतो बाइकखाली मोठं लोहचुंबक लाव. चालतं का ते?

तारवाला: चुंबकाचे पैसे वाचवा. डांबराखाली तारेचं वेटोळं असतं, वर धातू आला की त्याचा इंडक्टन्स (तारेचा एक विद्युत गुणधर्म) बदलतो आणि सिग्नलच्या पेटीला कळतं की गाडी आली, यात ना वजनाचा संबंध ना चुंबकाचा. कारचा पत्रा आडवा पसरलेला, आपली बाइक वरून बघितली तर जेमतेम एक रेघ! रस्त्यावर डांबर कापून परत भरल्याच्या काळ्या रेघा दिसतील, चौकोन असतो. आपण सवयीने बरोबर चौकोनाच्या मधोमध थांबतो आणि तिथेच बाइक सगळ्यात कमी कळते. दोन्ही चाकं बाजूच्या रेघेवर घ्या, आणि मधून उभी तिसरी रेघ गेली असेल तर सरळ तिच्यावर.

कलम_किडा: व्हर्जिनियात २०११ पासून बाइक, मोपेड, सायकल तिघांनाही सूट आहे. पूर्ण थांबायचं, सिग्नलचे दोन फेरे किंवा दोन मिनिटं, जे आधी होईल ते, मग तो लाल दिवा स्टॉप साइन समजून, येणाऱ्यांना आधी जाऊ देऊन निघायचं. पण हे राज्य ओलांडलं की विसरा. विस्कॉन्सिनमध्ये ४५ सेकंद, इलिनॉयमध्ये १२० पण शिकागो वगळून. मिनेसोटाने २००२ मध्येच कायदा केला पण तिथे हा फक्त बचाव आहे, म्हणजे तिकीट मिळू शकतं, मग कोर्टात तुम्ही सिद्ध करत बसा.

सिग्नलग्रस्त: दोन मिनिटं?? काल मी चाळीस सेकंदही थांबलो नसेन.

कलम_किडा: मग काल तुम्ही नुसताच सिग्नल तोडलात 😄

आजोबा_ऑन_व्हील्स: अहो, सिग्नल सांभाळणाऱ्या खात्याला चौक, लेन, वेळ लिहून कळवा. त्या वेटोळ्याची सेन्सिटिव्हिटी वाढवता येते, माझ्या तक्रारीनंतर वाढवली. तोवर उजवीकडे वळून पुढे यू-टर्न घ्या, अर्थात लालवर उजवीकडे वळायला मनाई नसेल तर.

सिग्नलग्रस्त: अपडेट. आज डावी रेघ पकडून थांबलो आणि बाण आला! पण नेमका तेव्हाच मागे एक पिकअप येऊन उभा राहिला होता, त्यामुळे उद्या परत बघतो.