विमानप्रवासात कम्प्रेशन बॅग: जागा वाचते, वजनाचं काय?

काटेकोर

सुट्ट्या जवळ आल्या की तेच व्हिडिओ फिरायला लागतात: स्वेटरांचा डोंगर, वर पंप, आणि दहा सेकंदांत त्याचा पापड. माझं मत सरळ आहे. विमानाने जाणाऱ्या बहुतेकांना हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या या पिशव्यांचा उपयोग नाही, कारण तिथे नडतं ते वजन.

हिशोब करा. देशांतर्गत इकॉनॉमीला साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोचा एक नग, असे एक किंवा दोन. २८ इंची कडक बॅग रिकामीच ४ ते साडेचार किलो भरते. उरले साडेअठरा. जीन्स ६०० ते ७०० ग्रॅम, सुती कुर्ता २५०, सुती साडी परकर-ब्लाउजसकट पाऊण किलो. नुसत्या घड्या घालून गच्च भरली तरी ही बॅग वीसच्या आसपास जाते. मग हवा काढून मिळालेल्या जागेत चकलीचा डबा शिरतो, त्यामागे गोडा मसाला, मेतकूट. सहारला काउंटरसमोर बॅगा उघडून उकिडवी बसलेली मंडळी दिसतात ना, त्यांची जागा कमी पडलेली नसते.

घाटवाट

हिशोब बरोबर, पण तो जीन्सचा. जीन्स दाबून १५-२० टक्के जागा सुटली तर डोक्यावरून पाणी, तिच्यात हवा असतेच किती? पॉलिफिलचं, म्हणजे कृत्रिम कापूस भरलेलं जाड जॅकेट घ्या. वजन ८०० ग्रॅम आणि जागा खातं दहा-बारा लिटर. दाबल्यावर तीन-चार लिटरांत बसतं. लेहला निघालेल्या चौघांची चार जॅकेटं म्हणजे सव्वातीन किलो, पण अख्खी एक बॅग. इथे नडते ती जागाच.

शिवाय तुम्ही तीन वस्तूंना एकच नाव देताय.

झडपेची पिशवी: पंप किंवा व्हॅक्यूम क्लीनर लागतो. सगळ्यात जास्त दाबते, पण प्रवासाला सगळ्यात गैरसोयीची.

गुंडाळायची पिशवी: झिप एका टोकाला, हवा बाहेर जायची एकेरी वाट दुसऱ्या टोकाला. गुंडाळायला सुरुवात झिपच्या बाजूने करायची. उलटं केलं तर हवा झिपवर येऊन आदळते आणि झिप उघडते. "बोगस निघाली" म्हणणाऱ्यांतले निम्मे इथेच चुकलेले असतात.

दोन चेनचा कापडी क्यूब, म्हणजे बॅगेत ठेवायची चौकोनी पिशवी: यात हवाबंद काही नसतं, दुसरी चेन नुसती आवळते. दोन-चार दिवसांच्या गावाला हाच बरा.

सुईदोरा

कपड्यांच्या बाजूने कोणी बोलणार की नाही?

पैठणी किंवा कुठलीही खरी जर दाबायची नाही. दाब सगळा घडीच्या रेषेवर येतो आणि जरीची तार तिथेच मोडते; इस्त्रीने ती सांधत नाही. खळ दिलेल्या सुती साडीला पडलेली सुरकुती पुन्हा खळ दिल्याशिवाय जात नाही. मखमलीची लव बसते, चामड्याला कायमची घडी पडते, पॅडेड ब्रा आणि बुटातला फोम आकार सोडतो. पिसांचं जॅकेट प्रवासापुरतं दाबलं तर चालतं, पोचल्यावर झटकून तासभर टांगायचं. वर्षभर माळ्यावर दाबून ठेवलं तर मात्र ते पुन्हा पूर्ण फुलत नाही, आणि फुललं नाही की ऊबही तेवढी धरत नाही.

लग्नाला जाताना बॅगेत दाबायचं काय, तर टॉवेल, शाली, मुलांचे स्वेटर, घरात घालायचे कपडे. बाकी सगळं मलमलीत.

काटेकोर

+१ सुईदोरा.

घाटवाट, जॅकेटापुरतं मान्य. परतीचं काय? जाताना घरी क्लीनर असतो. येताना हॉटेलात पंप कुठून आणणार? हल्ली चार्जिंगचे छोटे पंप मिळतात, पण त्यांत लिथियम बॅटरी असते, म्हणजे तो हातातल्या सामानात ठेवलेला बरा. सात किलोंतले दोनशे ग्रॅम तिथेच गेले.

आणि अमेरिकेत चेक-इन बॅग तुमच्यामागे उघडून तपासली जाऊ शकते. तपासणारा पिशवी पुन्हा दाबून देत नाही. फुगलेल्या ढिगावर बॅगेचं झाकण बसवायची पाळी त्याच्यावर येते.

घाटवाट

म्हणूनच प्रवासाला गुंडाळायची पिशवी घ्या म्हणतो. आणि पारदर्शक असली की बऱ्याचदा उघडायचं कारणही उरत नाही. ती भरायची रीत:

पिशवी दोन-तृतीयांशच भरायची. बहुतेकींवर रेघ असते, ती शोभेची नव्हे. झिपच्या आत चार बोटं मोकळी. झिपची खाच कोरड्या फडक्याने पुसायची, कारण टॉवेलचा एक धागा अडकला तरी हवा तिथून परत येते. झिप बंद करायची सरकती क्लिप दोन वेळा इकडून तिकडे फिरवायची, आणि दोन्ही टोकांचे शेवटचे दोन सेंटीमीटर चिमटीत दाबायचे. क्लिप तिथवर पोचतच नाही. मग झिपकडून गुडघ्याखाली दाबत गुंडाळत जायचं.

मापही महत्त्वाचं. १०० × ८० सेंटीमीटरची पिशवी रजईची आहे, बॅगेत ती दगड होऊन बसते. ५० × ७० च्या दोन घ्या. दांड्याच्या नळ्यांमुळे बॅगेच्या तळाला खोलगट पट्टे असतात, ते आधी मोज्यांनी भरा आणि पिशवी वर आडवी ठेवा.

कुबटवास

दोघेही ऑगस्टबद्दल बोलतच नाही आहात. मुंबईच्या पावसाळ्यात दोरीवरचा कपडा हाताला कोरडा लागतो, पण जीन्सचा कमरपट्टा, खिशाचं अस्तर, इलॅस्टिक आणि दुहेरी शिवण यांत ओल राहते. ती हवाबंद झाली की जायला वाट नाही. दोन-तीन दिवसांत कुबट वास, आठवड्यात काळे ठिपके, आणि सुती कापडावरचा बुरशीचा ठिपका सहजासहजी निघत नाही.

भरण्याआधी शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा आणि कपडे पंख्याखाली निवू द्या. गरम कपडा लगेच बंद केला तर त्याचीच वाफ आत अडकते. एसी असेल तर त्याच खोलीत भरा. सिलिका जेलची पुडी टाकता येते, पण ती ओला टॉवेल वाळवणार नाही, एवढी अपेक्षा ठेवू नये. परतीला ओला स्विमसूट तर यात अजिबात नको.

घाटवाट

कुबटवास, मुद्दा मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू बघा. जुलैत विमानाशेजारी सामानाची ट्रॉली पावसात उभी राहते आणि कापडी बॅगेच्या चेनमधून पाणी आत जातं. हवाबंद पिशवीतले कपडे तेवढे कोरडे निघतात. आत ओल नेली नाही तर हीच पिशवी ओल बाहेर ठेवते.

खालचा_बर्थ

सगळे विमानातच बसलात की काय? कोकण रेल्वेने जाणाऱ्याला वजनाची एवढी चिंता नाही. स्लीपर आणि थ्री-टायर एसीला माणशी ४० किलो मोफत, टू-टायरला ५०. पंचाईत बर्थखालच्या जागेची. गणपतीच्या गर्दीत तिथे तीन कुटुंबांचं सामान कोंबलेलं असतं. अशा वेळी दोन चादरी, पांघरूण आणि म्हाताऱ्यांची शाल एका चपट्या पिशवीत बसली तर मोठं काम झालं. आणि फाटली तर फाटली, चादरीच त्या.

नवी_सदस्या

एक बाळबोध शंका. विमानात हवेचा दाब कमी होतो, तर पिशवी फुगून फुटत नाही का? आणि घरी रात्री दाबलेली पिशवी सकाळी फुगलेली असेल तर ती फेकायचीच का?

घाटवाट

फुटत नाही. प्रवासी विमानाच्या सामानकक्षातही केबिनसारखाच दाब ठेवतात, साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. पिशवीत उरलेली हवा फार तर एक-तृतीयांशाने फुगते आणि उतरल्यावर पुन्हा बसते. हवा नीट काढली असेल तर कळतही नाही.

सकाळी फुगली तर आधी झिप पुसून पुन्हा लावा, बहुतेकदा दोष तिथेच असतो. तरी फुगली तर रिकाम्या पिशवीत हवा भरा, झिप लावा आणि बादलीत बुडवा. बुडबुडे येतील तिथे भोक. साडीपिन, हुक, बेल्टचं बक्कल, जीन्सची रिव्हेट, यांतलं काहीतरी टोचलेलं असतं. पिशवी कोरडी करून बाहेरून रुंद पॅकिंग टेप लावा. आतली हवा काढली की बाहेरचा दाब टेपला आणखी चिकटवतो. झडपेची चकती चिरली असेल तर मात्र नाद सोडा.

सुईदोरा

आणि पुढच्या वेळी पिना काढून मगच साडी घडी करा. पिशवीपेक्षा साडी महाग असते.