डिफ्यूझरने खरंच बरं वाटतं, की नुसती खिशाला चाट?

गवतीचहा, इंदिरानगर, नाशिक :
तीन वर्षं घरून काम करतेय. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, पाठीमागे सासूबाईंची मालिका. सकाळी ९ला डिफ्यूझरच्या (सुगंधी तेलाचा वास खोलीभर पसरवणारं छोटं यंत्र) पाण्यात गवती चहाच्या तेलाचे चार थेंब टाकते, साडेसहाला बंद. वास आला की ऑफिस भरलं, गेला की सुटलं. पूर्वी हे काम द्वारका सर्कलचा ट्रॅफिक करायचा. संध्याकाळी डोकंही कमी चढतं. तुमचं काय मत?

सिडकोचा_शंकासुर :
ताई, हा गुण तेलाचा नाही, सवयीचा. ९ला आल्याचा चहा ठेवलात तरी हेच होईल. 'अरोमाथेरपी' (सुगंधी तेलांनी उपचार) हा शब्द १९३७ साली गातफोसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने रूढ झाला, आणि घरचा धंदा अत्तरांचा! लव्हेंडरने अस्वस्थता कमी होते म्हणतात, पण त्यातले बरे प्रयोग पोटात घ्यायच्या कॅप्सूलवर झालेत. वासाच्या प्रयोगात मूळ गोचीच अशी, की कुणाला खरं तेल दिलं ते नाकाला लगेच कळतं. मग मनाचा खेळ वेगळा काढणार कसा?

गवतीचहा :
सवय तर सवय! पण सवयीला खुंटी लागतेच ना? चहाने मला ॲसिडिटी होते.

पंचवटीच्या_काकू :
अगं, माठात वाळा आणि तिन्हीसांजेला धूप, हे आपल्याकडे कधीपासून आहे. बाटलीला चारशे मोजण्यापेक्षा कुंडीतली पात चुरगाळ. फक्त घरात लहान मूल असेल तर कापूर आणि निलगिरीचं तेल वर ठेव. चुकून पोटात गेलं तर झटके येतात.

बोक्याचा_बाबा :
मांजर असेल तर टी ट्री तेल घरात नकोच. हे पदार्थ पचवून बाहेर टाकायला मांजराचं यकृत फार कमी पडतं. आमचा बोका लाळ गाळायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. डिफ्यूझर आता माळ्यावर.

सिडकोचा_शंकासुर :
आणि खिडकी उघडी ठेवा. संत्र्या-लिंबाच्या तेलातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिळून थोडा फॉर्मल्डिहाइड हा नाका-डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करतं. बंद खोलीत दिवसभर ते कशाला?

गवतीचहा :
उघडली असती हो. पण खाली मिसळीचं हॉटेल आहे. साडेनऊच्या मीटिंगला तर्रीचा वास आला की माझं लक्ष कुठे राहतंय!