एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्याखाली) भाऊ तीन वर्षांपासून आत, ट्रायल पुढे सरकत नाही, जामीन होईल का?

काळजीत_ताई:
माझा धाकटा भाऊ तीन वर्षं होऊन गेली कच्चा कैदी म्हणून आत आहे. मित्राच्या गाडीत मागे बसला होता, डिकीत २४ किलो गांजा सापडला आणि चौघांनाही उचललं. २० किलोच्या वर म्हणजे कमर्शियल क्वांटिटी, म्हणून जामीन अवघड करणारं कलम ३७ आलं, सेशन्सने जामीन फेटाळला, दोन वर्षांपूर्वी हायकोर्टानेही. २२ साक्षीदारांपैकी २ तपासलेत. तारखेला जावं तर कधी पंच (जप्तीचा साक्षीदार) आलेला नसतो, कधी मुद्देमाल नाही, कधी एस्कॉर्ट नाही म्हणून भावालाच आणत नाहीत. वकील म्हणतात ३७ आहे, वाट बघा. काहीच मार्ग नाही का?

कोर्टाची_पायरी:
ताई, मार्ग आहे. ३७ मध्ये आरोपी दोषी नसावा आणि बाहेर येऊन परत गुन्हा करणार नाही असं कोर्टाला वाटावं लागतं, म्हणून गुणदोषावर जामीन अवघड. पण उशीर हा वेगळा मुद्दा आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोहम्मद मुस्लीम प्रकरणात सांगितलं की ट्रायलला अवाजवी उशीर झाला असेल तर जामिनाला ३७ आड येत नाही. त्याच वर्षी रबी प्रकाश विरुद्ध ओडिशा, तिथे ट्रकमध्ये २४७ किलो गांजा होता तरी साडेतीन वर्षं आत आणि १९ पैकी एकच साक्षीदार झालेला बघून जामीन दिला. तुमची केस याच्या खूप जवळ आहे.
आता महत्त्वाचं काम, रोजनाम्याची (कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या नोंदीची) सर्टिफाइड कॉपी काढा, पहिल्या तारखेपासूनची. प्रत्येक तारीख कुणामुळे गेली ते त्यात असतं. तुमच्या वकिलांनी मुदत मागितलेल्या तारखा जास्त निघाल्या तर सरकारी वकील त्यावरच बोट ठेवणार, म्हणून आधी स्वतः वाचा.

साधा_माणूस७७:
राग नका मानू, पण आमच्या ओळखीतली दोन पोरं एमडीच्या (मेफेड्रोन) नशेने संपली. अशा केसेसमध्ये लोक पटापट बाहेर यायला लागले तर कसं व्हायचं?

कोर्टाची_पायरी:
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटणं नाही, केस चालूच राहते आणि दोष सिद्ध झाला तर १० ते २० वर्षं आहेतच. समजा ताईंचा भाऊ निर्दोष निघाला तर ही गेलेली वर्षं कोण परत देणार? पंच हजर करणं, मुद्देमाल आणणं हे सरकारचं काम, ते होत नाही त्याची शिक्षा आरोपीने भोगायची हे मला कधीच पटणार नाही.

काळजीत_ताई:
बीएनएसएसचं (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) कलम ४७९ म्हणून कुणीतरी सांगितलं, एक तृतीयांश शिक्षा भोगली की सोडतात?

तालुका_वकील:
ते पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्यांना, आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश. इथे कमाल २० वर्षं, म्हणजे ६ वर्षं ८ महिने, त्यामुळे सध्या त्याच्या भरवशावर राहू नका. हायकोर्टाची जुनी ऑर्डर शेवटपर्यंत वाचा, बऱ्याचदा ट्रायल अमुक महिन्यांत संपवा नाहीतर परत अर्ज करा असं लिहिलेलं असतं. नसलं तरी मधली दोन वर्षं गेली आणि साक्षी झाल्या नाहीत हीच बदललेली परिस्थिती. फीची अडचण असेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे जेलमधूनच अर्ज पाठवता येतो.

काळजीत_ताई:
ऑर्डर काढून बघितली, शेवटच्या पॅरात ट्रायल एक वर्षात संपवा असं आहे! आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच रोजनाम्यासाठी अर्ज टाकते.