पोलीस-अग्निशमनच्या वायरलेसची फ्रिक्वेन्सी हलवणं: अमेरिकेने 800 मेगाहर्ट्झला केलं ते बरोबर होतं का?

खडखडाट (धागाकर्ता)

दुसऱ्या एका चर्चेत परवा कुणीतरी ठोकून दिलं की अमेरिकेत मोबाईल कंपनीच्या सोयीसाठी पोलिसांना त्यांच्या फ्रिक्वेन्सीवरून हुसकावलं. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो: हलवलं ते बरोबर केलं, आणि कंपनीच्या खिशातून केलं हे त्याहून बरोबर.

800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, सत्तरच्या दशकात पोलीस, अग्निशमन, टॅक्सीवाले, ट्रकवाले असे सगळे एकाआड एक चॅनेल देऊन बसवले. ज्याचा त्याचा टॉवर टेकडीवर नाहीतर उंच इमारतीवर, त्यामुळे शेजार निभावत होता. मग 1987 साली फ्लीट कॉल नावाची कंपनी निघाली. तिने टॅक्सी-ट्रकवाल्यांची लायसन्सं विकत घ्यायचा सपाटा लावला, 1991 मध्ये त्यांवर मोबाईलसारखं जाळं उभारायची परवानगी मिळवली आणि 1993 मध्ये नेक्सटेल हे नाव घेतलं. टेकडीवरच्या एका टॉवरच्या जागी चौकाचौकात ठेंगणे टॉवर आले.

आता पोलिसाच्या हातातला सेट बघा. त्याचा रिसीव्हर 851 ते 869 हा अख्खा पट्टा आत घेतो आणि मग त्यातून आपलं चॅनेल निवडतो. त्याचा स्वतःचा टॉवर दहा-पंधरा किलोमीटरवर, नेक्सटेलचा डोक्यावर. एवढ्या जोरात आलेल्या दोन चॅनेलांची सरमिसळ सेटच्या आतच होते. समजा 862 आणि 865. 865 ची दुप्पट वजा 862, उत्तर 868. पोलिसाचं चॅनेल 868 वर असेल तर संपलं. गंमत अशी की कंपनीने नियम मोडलेला नाही, सेटही बिघडलेला नाही, तरी सेट बहिरा. आणि बहिरा होतो तो भर चौकात, मॉलच्या पार्किंगमध्ये, जिथे पोलिसाला मदत मागायची वेळ जास्त येते.

फिल्टर लावा, टॉवरची पॉवर उतरवा, हे उपाय आधी करून झाले. एका चौकातलं मिटलं की पुढच्या चौकात सुरू. शेजारी एकाआड एक बसलेले असताना फिल्टर कापणार काय? शेवटी जुलै 2004 मध्ये एफसीसीने वाटणी केली. पट्टे जोडीने असतात, खालचा सेटकडून टॉवरकडे बोलायला आणि वरचा टॉवरकडून सेटकडे. 821–824 आणि 866–869 वरचे सुरक्षा यंत्रणांचे चॅनेल बरोब्बर 15 मेगाहर्ट्झ खाली, 806–809 आणि 851–854 वर. नेक्सटेल वर, 817–824 आणि 862–869 मध्ये. हलवण्याचा खर्च नेक्सटेलचा, आणि त्यासाठी अडीच अब्ज डॉलरची बँकेची हमी आधी जमा. यापेक्षा रास्त तोडगा कुणाकडे असेल तर सांगा.

चौकस

तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या बदल्यात नेक्सटेलला 1.9 गिगाहर्ट्झमध्ये 10 मेगाहर्ट्झ मिळाले, तेही लिलावाशिवाय. एफसीसीनेच त्यांची किंमत 4.8 अब्ज डॉलर धरली होती. वेरायझन या प्रतिस्पर्धी मोबाईल कंपनीने आकाशपाताळ एक केलं ते उगाच नाही. आणि ही अदलाबदल मुळात सुचली कुणाला? नोव्हेंबर 2001 मध्ये खुद्द नेक्सटेलने प्रस्ताव ठेवला. म्हणजे गोंगाट करणाऱ्यानेच तोडगा सुचवायचा, आणि विखुरलेले तुकडे देऊन सलग पट्टा पदरात पाडून घ्यायचा.

सोसायटीशेजारी मंगल कार्यालय उघडलं, रात्री बारापर्यंत बँड वाजतो. नगरपालिकेने काय करावं? बँड बंद करावा की राहणाऱ्यांना सांगावं, "सामान बांधा, टेम्पोचं भाडं कार्यालय देईल"? वर कार्यालयाला नदीकाठचा प्लॉट बक्षीस!

खडखडाट

@चौकस, तो प्लॉटही रिकामा नव्हता. 1.9 गिगाहर्ट्झमधल्या त्या जागेत टीव्हीच्या बातम्यांच्या व्हॅन थेट प्रक्षेपण पाठवायच्या. देशभरातल्या त्या व्हॅनना नवी यंत्रं देऊन हलवणं हेही नेक्सटेलच्याच गळ्यात होतं. शिवाय सगळा खर्च मिळून 4.8 अब्जांपर्यंत पोहोचला नाही तर उरलेला फरक सरकारी तिजोरीत भरायचा, असं कलम होतं.

आणि "हुसकावलं" म्हणताना एक विसरू नका. 2002 मध्ये पोलीसप्रमुखांची, अग्निशमनप्रमुखांची आणि बिनतारी अधिकाऱ्यांची अशा तिन्ही राष्ट्रीय संघटना नेक्सटेलबरोबर एका आराखड्यावर एकत्र आल्या होत्या. ज्याला घराबाहेर काढतात तो सामान बांधायच्या आराखड्यावर सही करत नाही.

चौकस

दुसरा पर्याय शिल्लक ठेवला नाही की सगळे सही करतात.

बिनतारी नाना

मी महाराष्ट्रात पोलिसांच्या बिनतारीत नोकरी केली, आता निवृत्त. त्यामुळे न्याय-अन्याय तुम्ही ठरवा, मी कामाचं बोलतो.

"15 मेगाहर्ट्झ खाली" हे फाईलवर एका ओळीत मावतं. प्रत्यक्षात प्रत्येक सेट किमान दोनदा हातात घ्यावा लागतो. पहिल्या फेरीत जुनी आणि नवी दोन्ही चॅनेलं भरायची, कारण सगळे एका रात्रीत हलत नाहीत. मग रिपीटर, म्हणजे सेटचा आवाज पकडून पुढे लांबवर पोचवणारी यंत्रं, बदलायचे. मग दुसऱ्या फेरीत जुनी काढायची. आमच्याकडे एका तालुक्याचा रिपीटर बदलला तेव्हाचं सांगतो. ठाण्यातले सेट एका दिवसात झाले. राहिलेले सेट कुठे होते? एक रजेवर गेलेल्या हवालदाराच्या कपाटात, एक दुरुस्तीला गेलेल्या जीपमध्ये, दोन बंदोबस्तासाठी दुसऱ्या जिल्ह्यात. असला एक जरी सेट राहिला तरी त्याचा धनी ऐन वेळी नुसता बटण दाबत बसतो, पलीकडे कुणी ऐकत नाही. इथे तर 2,100 च्या वर लायसन्सधारक, आणि एकेकाकडे शेकड्यांनी-हजारांनी सेट. तीन पाळ्यांत चालणारं अग्निशमन केंद्र सेट एकदम गोळा करून टेबलावर मांडूही शकत नाही, गाडी कॉलवर गेली की सेट गेले. काही सेट इतके जुने की नवी चॅनेलं घेतच नाहीत, ते बदलूनच द्यावे लागले.

त्यात आणखी एक पीळ. शेजारच्या गावाची गाडी मदतीला आली तर बोलायला देशभर पाच समाईक चॅनेलं ठरलेली आहेत. हाक मारायचं चॅनेल आधी 866.0125 वर होतं, ते 851.0125 वर आलं. तुमचं गाव हललं, शेजारचं राहिलं, तर मदतीला आलेली गाडी तुमच्यासमोर उभी आणि बोलता येत नाही. म्हणून ती पाचही चॅनेलं जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जागी सेटमध्ये ठेवायची, आणि लोकांना कुठलं कधी लावायचं ते पाठ करून घ्यायचं.

या सगळ्याला एफसीसीने मुदत दिली 36 महिने. जून 2005 ते जून 2008. ज्याने कधी सेटला प्रोग्रॅमिंगची केबल लावली नाही त्यानेच ती मुदत लिहिली असणार.

खडखडाट

नाना, मुदतीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण उशिरातला मोठा वाटा सीमेचा आहे. मेक्सिकोशी पट्टा कसा वाटायचा याचा करारच जून 2012 मध्ये झाला, तोवर सॅन दिएगोसारख्या ठिकाणी हलणार कुठे?

चौकस

सीमेच्या मागे लपू नका. काम संपल्याचं एफसीसीने जाहीर केलं एप्रिल 2021 मध्ये. निर्णयापासून जवळपास 17 वर्षं. आणि ज्या नेक्सटेलच्या गोंगाटासाठी हा खटाटोप, ते नेक्सटेल पुढे ज्या कंपनीत विलीन झालं त्या स्प्रिंटने नेक्सटेलचं जाळं 30 जून 2013 लाच बंद केलं होतं! पुढची आठ वर्षं कुणापासून पळत होते?

खडखडाट

त्याच टॉवरांवर, त्याच पट्ट्यात स्प्रिंटने एलटीई, म्हणजे 4जी मोबाईलचं जाळं, लावलं, हे माहीत असूनही विचारताय? कंपनीचं नाव बदललं, टॉवर डोक्यावरच राहिला. किंबहुना जिथे सुरक्षा यंत्रणा हलल्या नव्हत्या तिथे एलटीई लावायला स्प्रिंटलाच थांबून राहावं लागलं. म्हणून सांगतो, वाटणी टिकते. जुने उपाय एकेका कंपनीच्या एकेका टॉवरपुरते होते.

हडसनकाठची

तुमचा सगळा वाद 800 वर चाललाय, म्हणून मला पलीकडची बाजू मांडायची आहे. मी न्यू जर्सीत स्वयंसेवी रुग्णवाहिकेवर काम करते. आमच्या भागात टी-बँड, म्हणजे 470 ते 512 मेगाहर्ट्झ. टीव्हीच्या 14 ते 20 क्रमांकाच्या चॅनेलांची ही जागा न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, बोस्टन अशा 11 महानगरांत पोलीस-अग्निशमन वापरतात.

फेब्रुवारी 2012 मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला. त्यात पोलीस-अग्निशमनला 700 मेगाहर्ट्झमध्ये नव्या ब्रॉडबँड जाळ्यासाठी जागा दिली आणि त्या बदल्यात टी-बँड सोडायला लावला. नऊ वर्षांत लिलाव सुरू करायचा, त्यानंतर दोन वर्षांत सगळे बाहेर. खर्च? लिलावातून येतील ते पैसे. जायचं कुठे? याला उत्तरच नव्हतं. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसमध्ये तेवढे चॅनेल दुसरीकडे शिल्लकच नाहीत. सुरक्षा यंत्रणांच्या राष्ट्रीय दूरसंचार परिषदेने 2013 मध्ये हिशोब केला, तो 5.9 अब्ज डॉलरच्या वर गेला. लिलावातून एवढे येण्याची आशा एफसीसीलाही नव्हती. त्यात कायद्याने फक्त सुरक्षा यंत्रणांनाच हलवायचं होतं, त्याच पट्ट्यातले खाजगी धंदेवाले जिथल्या तिथे. म्हणजे विकायला निघणार चाळणी.

एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष अजित पै यांनी उघड सांगितलं की हा लिलाव नको. सरकारी लेखापरीक्षकांनी 2019 मध्ये काँग्रेसला तेच कळवलं. अखेर डिसेंबर 2020 मध्ये, मुदत दोन महिन्यांवर आलेली असताना, कलम रद्द झालं.

पण मधल्या आठ वर्षांचं काय? एप्रिल 2012 मध्येच एफसीसीने टी-बँडवर नवी लायसन्सं आणि विस्तार गोठवला. जाळं वाढवायचं नाही. आणि जे पाच-सात वर्षांत सोडायचंय त्यावर पैसे ओतायला कुठली नगरपालिका धजणार? आमच्याकडे एका इमारतीच्या तळघरात उतरलं की सेट बंद पडतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारात एकाला उभं करून निरोप पोचवायचो. एक चॅनेलही हललं नाही, तरी नुसत्या हलवण्याच्या हुकमाने एवढं झालं. म्हणून "हलवणं बरोबर" असं सरसकट कुणी म्हणालं की माझ्या कपाळावर आठी पडते.

खडखडाट

ताई, मी सरसकट म्हणतच नाहीये. 800 ला तीन गोष्टी आधी ठरल्या होत्या: पैसे कुणाचे, जायचं कुठे, आणि मागे राहणाऱ्याचं काय. टी-बँडला तिन्हींचं उत्तर "बघू नंतर". दोन्ही एका तागडीत नका घालू.

हडसनकाठची

तीनही ठरलेल्या होत्या, तरी तीन वर्षांच्या कामाला जवळपास 17 लागली. मग "ठरलं होतं" याचा तळघरात उभ्या असलेल्याला उपयोग काय?

पिंट्या

एवढी डोकेफोड कशाला? सगळ्यांना 5जी फोन द्या, त्यात बटण दाबून बोलायचं पुश-टू-टॉक ॲप. फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच मिटला. 😀

बिनतारी नाना

पिंट्या, टॉवर पडला की फोन वीट होतो. वायरलेस सेट टॉवरशिवाय सेट टू सेट बोलतो. आग लागलेल्या इमारतीत आतला जवान आणि बाहेरचा अधिकारी यांच्यात शंभर मीटरचं अंतर असतं, तिथे मधे कंपनीचं जाळं कशाला हवं? पूर आलेल्या गावात पहिल्या रात्री काय चालू राहतं ते सांगलीकरांना विचार.

चौकस

आता मायदेशी येतो, कारण इथे अजून वेळ गेलेली नाही. ट्रायने जून 2018 मध्ये शिफारस केली की पोलीस, अग्निशमन, आपत्ती निवारण यांच्या देशव्यापी एलटीई जाळ्यासाठी 814–824 आणि 859–869 मेगाहर्ट्झ राखून ठेवा. आकडे ओळखीचे वाटतात का? अमेरिकेत ज्या वरच्या पट्ट्यातून सुरक्षा यंत्रणांना खाली पाठवून तो कंपनीला दिला, तोच पट्टा आपण सुरक्षा यंत्रणांना द्यायचं म्हणतोय. आणि 824 च्या अलीकडे-पलीकडे कोण? आपल्याकडे 824 आणि 869 पासून मोबाईल कंपन्या सुरू होतात. कुंपणाला कुंपण. खडखडाट, तुमचाच नियम लावा: उद्या सेट बहिरे झाले तर कोण हलणार?

खडखडाट

तिथे परिस्थिती वेगळी आहे. दोन्हीकडे एलटीई, दोन्हीकडे टॉवर दाट, त्यामुळे एकाचा टॉवर टेकडीवर आणि दुसऱ्याचा डोक्यावर असा प्रकार होणार नाही. शिवाय सलग पट्टा असल्यामुळे फिल्टर कामाचा. मला तिथे फार धोका दिसत नाही.

बिनतारी नाना

धोका दिसत नसेल तर लायसन्स देतानाच लिहून घ्या की त्रास झाल्यास फिल्टरचा खर्च कंपनीचा. आणि ग्रामीण भागात सुरक्षेचे टॉवर कंपनीएवढे दाट होणार हे कुणी सांगितलं? आमच्या गडचिरोलीतल्या ठाण्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणून सांगा.

खडखडाट

गडचिरोलीत कंपनीचेही टॉवर विरळच आहेत की, नाना.

हडसनकाठची

आज विरळ आहेत. 1987 मध्ये चौकाचौकात टॉवर नव्हतेच.